माल आणि कागद : क्षेत्रभेटींच्या पुस्तकाची प्रस्तावना

बाजाराच्या कुठल्याही मोठ्या गावात आठवीतला मुलगा शाळेला निघतो तेव्हा वाटेत दूध संस्थेचा ओटा लागतो, पतसंस्थेची पाटी दिसते, पुढे एसटीचे आगार, बाजार समितीचे फाटक, टपाल कचेरी, पिठाची गिरणी, कृषी सेवा केंद्र, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत. त्याच्या घरात येणारा पैसा यांतल्याच एखाद्या दारातून येतो आणि घरातला पैसाही यांतल्याच एखाद्या दारातून बाहेर जातो. आत नेमके काय चालते, हे मात्र दहावी होईपर्यंत त्याला कोणी दाखवत नाही. ग्रामपंचायतीत किमान ७ आणि कमाल १७ सदस्य असतात, हे तो नागरिकशास्त्रात पाठ करतो. स्वतःच्या घराची घरपट्टी कशावरून ठरली, असे विचारले की गप्प होतो. दोष त्याचा नाही. आपण त्याला संख्या शिकवली, कचेरीत नेले नाही.

हे पुस्तक त्याला तिथे नेण्याविषयी आहे. गावातले व्यवसाय आणि संस्था कशा चालतात, हे मुलांनी तिथे जाऊन, विचारून, मोजून आणि लिहून कसे समजून घ्यावे, याचा हा वाटाड्या शिक्षकांसाठी तयार केला आहे.

क्षेत्रभेट आपल्या शाळांना नवी नाही. बालभारतीच्या दहावीच्या भूगोलात २०१८ साली पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा घातला गेला. भेटीआधी प्रश्नावली तयार करावी, नोंदवही न्यावी, परत आल्यावर अहवाल लिहावा, असे ते पुस्तक सांगते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे मुलांनी त्या दिवसांत जाऊन शिकावे, अशी ती कल्पना आहे. कागदावर सगळे चांगले आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत क्षेत्रभेट सहलीत विरघळते. दोन गड, एक देऊळ, एक समुद्रकिनारा आणि वाटेत जमलाच तर एखादा कारखाना. कारखान्यात व्यवस्थापक सभागृहात बसवून माहिती सांगतात, मुले रांगेने यंत्रांजवळून फिरतात, आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही, चहा-बिस्किटे होतात, फाटकापाशी फोटो निघतो. आठवड्याने साठ अहवाल जमा होतात आणि साठांतली वाक्ये एकच असतात. महाविद्यालयांच्या औद्योगिक भेटींचीही हीच गत आहे. चार दिवसांच्या सहलीला मान्यता मिळावी म्हणून त्यात दीड तासाचा कारखाना बसवलेला असतो.

सहलीला माझा विरोध नाही. मुलांनी समुद्र पाहावा, गड चढावा. पण सहल म्हणजे क्षेत्रभेट नव्हे. त्या दोन्ही एकाच दिवसात उरकल्या की पहिली राहते आणि दुसरी बुडते.

तर मग क्षेत्रभेटीत पाहायचे काय? माझे उत्तर साधे आहे आणि या पुस्तकाची मांडणी त्यावरच उभी आहे. कुठल्याही व्यवसायात दोन गोष्टी चालत असतात, माल आणि कागद. दूध, कांदा, ऊस, पत्र, प्रवासी हे हातातून हातात, जागेवरून जागेवर जातात. त्यांच्या बरोबरीने पावती, पट्टी, वेबिल, पासबुक, नोंदवहीही पुढे सरकत असते. मुलांना आपण आजवर फक्त माल दाखवत आलो. यंत्र कसे फिरते, रस कसा निघतो, पाकीट कसे बंद होते, एवढेच. भाव कोणी ठरवला, पैसे कोणाला कधी मिळाले, नासाडी झाली तर भरपाई कोणी करायची, हे सगळे कागदावर असते आणि तो कागद मुलांच्या हातात कधी येतच नाही. मालाच्या मागे चालत गेले की काम समजते. कागदाच्या मागे गेले की ते काम कोणासाठी, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या जोखमीवर चालते ते समजते. दोन्ही वाटा चाललेली मुले व्यवहार जाणतात. एकच वाट चाललेली मुले फक्त चकित होऊन घरी येतात.

दूध संस्थेचे उदाहरण मी विस्ताराने सांगतो, कारण याहून चांगली पहिली भेट मला ठाऊक नाही. संस्था बहुधा शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ असते. फक्त तिची वेळ शाळेची नसते. पहाटे किंवा संध्याकाळीच जावे लागते, आणि गेले की सगळा व्यवहार डोळ्यांसमोर उलगडतो. किटली घेऊन माणसे येतात, दूध मापले जाते, प्रत्येकाच्या दुधाचा थोडा नमुना बाजूला काढला जातो, त्याची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) बघितली जाते, छापील चिठ्ठी हातात पडते. मग सगळे दूध शीतकरणाच्या टाकीत जाते, चार अंशांच्या आसपास थंड होते आणि दूध संघाच्या टँकरची वाट पाहते.

इथे मुलांना थांबवावे आणि विचारावे, नुसते लिटर मोजून का भागत नाही? एखादा मुलगा म्हणेलच, लोक पाणी घालतात. मग लॅक्टोमीटर का पुरत नाही? दुधात पाणी घातले की ते हलके होते आणि लॅक्टोमीटर खाली बुडतो, हे बरोबर. पण साय काढून घेतली की उरलेले दूध जड होते. म्हणजे आधी साय काढायची आणि मग बेताचे पाणी घालायचे, असे कोणी केले तर लॅक्टोमीटर बिचारा फसतो. म्हणून फॅट वेगळी मोजावी लागते आणि दोन्ही आकडे मिळून सूत्राने एसएनएफ काढावी लागते. पुस्तकातल्या घनतेचा धडा मुलांच्या डोक्यात याहून पक्का बसवणारे दुसरे ठिकाण मी पाहिलेले नाही. आज यंत्रात नमुना घातला की आकडा येतो, पण जुन्या संस्थेत गर्बर पद्धतीची काचेची नळकांडी आणि फिरते यंत्र अजून कपाटात असतात. संस्थेच्या सचिवांना विनंती करावी, ते दाखवतात. दुधात सल्फ्युरिक आम्ल मिसळले की प्रथिने विरघळतात आणि स्निग्धांश मोकळा होतो. नळकांडे वेगाने फिरवले की तो वर येऊन अरुंद मानेत थांबतो आणि मानेवरच्या रेघांवर वाचता येतो. आम्ल मुलांच्या हाती द्यायचे नाही, पण हे पाहिल्यावर रसायनशास्त्राच्या तासाला मुले वेगळ्याच उत्सुकतेने बसतात.

हा झाला माल. आता कागद. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला बोलला जातो, म्हशीच्या दुधाचा सहा आणि नऊला. त्याखाली एकेक पॉइंट उतरला की दर कमी होत जातो. दराचा तक्ता संस्थेच्या भिंतीवर असतो. मुलांनी तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि चिठ्ठीवरची रक्कम स्वतः काढून पडताळावी. त्यानंतर दहा दिवसांचे बिल मागावे, आधी ज्याचे आहे त्याची परवानगी घेऊन. त्या बिलात दुधाचे पैसे एका बाजूला आणि कपात दुसऱ्या बाजूला असते. पशुखाद्याच्या गोणीचे पैसे, उचललेल्या कर्जाचा हप्ता, भागभांडवलाची रक्कम. शेवटी हातात येणारा आकडा पहिल्या आकड्याहून किती लहान असतो, हे पाहून मुले स्तब्ध होतात. त्यातल्या काहींच्या घरी हेच बिल येत असते आणि त्यांनी ते कधी उघडून पाहिलेले नसते.

आणि शेवटचा प्रश्न सचिवांना. गावात मोजलेल्या फॅटपेक्षा संघाच्या तपासणीत फॅट कमी भरली तर तो तोटा कोणी सोसायचा? या प्रश्नाचे उत्तर देताना सचिव सावरून बसतात, मुलांना आपल्या बरोबरीची समजून बोलू लागतात आणि संस्था म्हणजे काय, सभासद म्हणजे कोण, दिवाळीला मिळणारा दरफरक कुठून येतो, हे सगळे ओघात सांगून जातात. सहकाराची व्याख्या तोपर्यंत मुलांना पाठ असते, पण ती कळते ती अशा वेळी.

कांद्याच्या बाजाराची भेट याहून अवघड आहे, कारण तिथे गर्दी, घाई आणि ताण असतो. लासलगावची बाजार समिती १९४७ची. नाशिक जिल्ह्यातल्या शाळांना ती जवळ आहे. इतरांनी आपल्या जवळच्या समितीत जावे, काम तेच असते. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या ओळीने लागतात. समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणी ओंजळभर कांदा उचलून दाबून पाहतो, बोली सुरू होते, आणि चार महिन्यांच्या कष्टाचा भाव पाहता पाहता ठरून घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकलेला असतो. शेतकरी तिथेच उभा असतो. त्याला भाव पटला नाही तर तो नाही म्हणू शकतो. पण गाडीभाडे चढलेले असते आणि परत नेलेला कांदा उद्या किती उतरेल हे कोणालाच सांगता येत नाही. मुलांनी हा प्रसंग शांतपणे, बाजूला उभे राहून पाहावा. बोली चालू असताना प्रश्न विचारू नयेत. ते नंतर.

नंतर एका ट्रॉलीच्या मागे जावे, आणि एकाच. सौदापट्टी मिळाली, गाडी काट्यावर गेली, भरलेल्या गाडीचे वजन झाले, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा उतरला, रिकाम्या गाडीचे वजन झाले, काटापावती झाली, हिशेबपट्टी झाली. खळ्यावर बाया बसून कांदा निवडतात, प्रतवारी करतात, गोण्या भरतात. तिथून ट्रक किंवा रेल्वे. हिशेबपट्टीतली एकेक ओळ मुलांनी वाचावी. हमाली किती, तोलाई किती, कोणाकडून. बाजार समित्यांचे नियमन १९६३च्या कायद्याने होते. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे राज्य सरकारने ठरवले. एखाद्या घरात त्याआधीची जुनी पट्टी जपून ठेवलेली सापडते. ती आणि आजची शेजारी शेजारी ठेवून वाचली की कायदा बदलतो म्हणजे काय बदलते, ते मुलांना शब्दांविना कळते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या बाजाराचे किमान, कमाल आणि सरासरी दर छापून येतात. मुलांनी वीसेक ट्रॉल्यांचे दर लिहून आणले असतील तर त्यांची सरासरी काढावी आणि छापील आकड्याशी जुळवून पाहावी. सहसा जुळत नाही. का जुळत नाही, यावर गणिताच्या शिक्षकांनी एक पूर्ण तास द्यावा, कारण प्रत्येक ट्रॉलीत माल सारखा नसतो आणि साध्या सरासरीत ते दिसत नाही. समितीच्या नोंदवहीत जुने दरही असतात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच्या आदल्या आणि नंतरच्या आठवड्याचे दर मुलांनी उतरवून त्यांचा आलेख काढावा. दिल्लीतल्या एका अधिसूचनेचा आपल्या ओट्यावर काय परिणाम झाला, ते त्या एका आलेखात दिसते.

एसटीचे प्रकरण या पुस्तकात लहान आहे आणि ते लहानच बरे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, हे मुलांना माहीत असते. त्यांना विचारायचा प्रश्न त्यांच्या खिशातल्या पासविषयी आहे. गावातली मुलगी ज्या पासवर शाळेला येते तो तिला मोफत आहे. मार्च २०२३पासून बाईचे तिकीट निम्मे आहे. ७५ वर्षांवरच्या आजोबांना तिकीटच नाही. मग डिझेलचे, टायरचे, वाहकाच्या पगाराचे पैसे कोण भरते? आगारात वाहक संध्याकाळी हिशेब देतो तेव्हा सवलतीचे तिकीट रोकड म्हणून जमा होत नाही, तरी नोंदले जाते, आणि त्या नोंदीवर महामंडळ सरकारकडे पैसे मागते. ही एक साखळी समजली तरी त्या दिवसाचे सार्थक झाले.

टपाल कचेरीचेही असेच. सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित होते, हे ऐकून मुले खूश होतात. खूश झाल्यावर त्यांना आपल्या गावाचा पिनकोड फोडायला सांगावे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून पत्रांची छाननी होणाऱ्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन कचेरीचे. पुण्याचे ४११, नाशिकचे ४२२, कोल्हापूरचे ४१६. एका पोस्टमनबरोबर पाऊण तास चालले तर शेवटच्या तीन आकड्यांपलीकडे उरणारे काम, म्हणजे दार ओळखणे, ते माणूसच कसे करतो हेही दिसते.

व्यवहाराचा कागद वाचता येणे हा शिक्षणाचा भाग आहे, हे आपल्याकडे पहिल्यांदा कोणी ठासून सांगितले ते मी मुद्दाम नोंदवतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली. तीत मोडी आणि बालबोध वाचन-लेखन होते, हिशेब होता, शेतीचे प्राथमिक ज्ञान होते, आरोग्याचे धडे होते. मोडी त्यांनी उगीच मागितली नाही. सावकाराची वही, कुळकर्ण्याचे दप्तर, खत आणि गहाणपत्र हे सगळे त्या काळी मोडीत लिहिले जात होते. ज्याला ती वाचता येत नव्हती त्याचा अंगठा कुठेही उठवून घेता येत होता. शूद्रातिशूद्रांच्या मुलाला कागद वाचता यावा, ही ती मागणी होती. आज मोडीच्या जागी सातबारा आहे, नमुना आठ आहे, बँकेचा करारनामा आहे, दूध संस्थेचे बिल आहे. लिपी मुलांना येते, पण कागद वाचता येत नाही.

फुल्यांनंतर या विचाराला वेगवेगळे हात लागले. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. पुण्याजवळ पाबळला श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला. तिथली मुले वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, शेती करतात आणि केलेल्या वस्तूचा खर्चही कागदावर मांडतात. कलबागांच्या कामातली ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हाताने काम करणारी मुले अनेक शाळांत दिसतात. त्या कामाची किंमत काढायला शिकणारी मुले फार थोडी.

साखर कारखान्याच्या भेटीविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. ही महाराष्ट्रातली सर्वांत लाडकी भेट. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेची पोरे कधी ना कधी कारखान्यात जाऊन ताजी साखर खाऊन आली. ती गव्हाणीपासून सुरू करतात आणि पोत्यापाशी संपवतात. गव्हाणीत मोळ्या पडतात, रस निघतो, चिपाड बॉयलरला जाते, रस आटतो, दाणे धरतात, मळी वेगळी होते. टनभर उसातून साधारण शंभर ते एकशेदहा किलो साखर उतरते आणि त्या उताऱ्यावर शेतकऱ्याचा भाव अवलंबून असतो. हे सगळे उत्तम. पण ऊस गव्हाणीत येण्याआधी फडात असतो. तो तोडायला बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या आलेल्या असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून ती फेडत असतात. त्यांची मुले पालावर धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. ती आपल्या भेटीला आलेल्या मुलांच्याच वयाची असतात.

कारखान्याची भेट फडापासून सुरू व्हावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. यालाही अटी आहेत. पालावर साठ मुलांचा जथा घेऊन जायचे नाही. कोणाच्या झोपडीत डोकावायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. तोडणीवाल्यांपैकी बोलायला तयार असलेल्या एक-दोघांना, मुकादमाच्या गैरहजेरीत आणि काम थांबलेल्या वेळी, चार-पाच मुलांनी भेटावे. तोडणीचा दर कसा मोजतात, उचल म्हणजे काय, गेल्या वर्षीची फिटली का, मुले शाळेत कुठे घातली. वीज-पाणी कुठले, हेही. त्यानंतर शेतकी अधिकाऱ्याला विचारावे की तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर काय होते. तोडल्यावर उसातली साखर घटत जाते, वजनही घटते, म्हणून वाहनाची घाई, म्हणून रात्रीची तोड, म्हणून अंधारात रस्त्यावर ट्रॉल्या. मुलांच्या लक्षात येते की त्यांच्या गावच्या रस्त्यावरची रात्रीची वर्दळ आणि पालावर झोपलेले पोर यांचा संबंध उसाच्या रसायनाशी आहे.

यातून पुढचा मुद्दा निघतो. प्रश्न कोणाला विचारायचे? आपल्या सवयीने आपण साहेबाला विचारतो. साहेब चांगले बोलतो, त्याची तयारी असते, त्याचे आकडे सुटसुटीत असतात. पण संस्था कशी चालते हे जितके व्यवस्थापकाला माहीत असते तितकेच काट्यावरच्या कारकुनाला, हमालाला, झाडूवालीला माहीत असते, आणि त्यांना वेगळे माहीत असते. हमालाला विचारावे, पूर्वी पोते किती किलोचे होते, आता किती, ते कसे कमी झाले? त्याच्या उत्तरात १९६९चा माथाडी कायदा येईल, बाबा आढावांचे नाव येईल, युनियनची वर्गणी येईल, दुखणारी पाठ येईल. वर्गात हे शिकवायला कोणत्या शिक्षकाला जमणार?

आणि बहुधा वर्गातल्याच एखाद्या मुलाचे वडील त्या बाजारात हमाल असतात, एखादीची आई खळ्यावर कांदा निवडत असते. या मुलांसाठी ही भेट मानाची होऊ शकते किंवा शरमेची, आणि ते पूर्णपणे शिक्षकाच्या वागण्यावर आहे. शिक्षकाने आधीच त्या मुलाशी एकट्याने बोलावे. त्याची इच्छा असेल तर त्यालाच वाटाड्या करावे, कारण कोणता ओटा कोणत्या मालाचा आणि हिशेब कुठे होतो हे त्यालाच माहीत असते. इच्छा नसेल तर त्याचे नावही घेऊ नये. वर्गात गणितात मागे असलेली मुलगी खळ्यावर प्रतवारीचे नियम इतक्या स्पष्टपणे सांगताना मी ऐकली आहे की त्या दिवसापासून तिच्या शिक्षिका तिला वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. माझ्या लेखी त्या भेटीची सर्वांत मोठी मिळकत हीच होती.

तयारीविषयी प्रकरणांत सविस्तर आहे, इथे थोडेच सांगतो. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यावे. मुले एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त नेऊ नयेत. मोठा वर्ग असेल तर तुकड्या पाडून वेगवेगळ्या दिवशी पाठवाव्यात. कामाच्या वेळेत गेलो तर कामाचे नुकसान होते, हे लक्षात ठेवून संस्थेला सोयीची वेळ विचारून घ्यावी. कोणाचे कर्ज, कोणाची थकबाकी, कोणाचे बिल चारचौघांत मोठ्याने वाचले जाऊ नये. मुलांना हे आधी बजावावे लागते, कारण त्यांना सापडलेली प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची असते. प्रश्न त्यांनी स्वतः काढावेत. शिक्षकाने दिलेली छापील प्रश्नावली हातात असली की मुले उत्तर ऐकत नाहीत, रकाना भरतात.

अहवालाबद्दल मात्र मी आग्रही आहे. अहवाल शिक्षकाच्या टेबलावर संपता कामा नये. तो त्या संस्थेत परत न्यावा, वाचून दाखवावा. दूध संस्थेत संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसांसमोर मुलांनी आपण काय पाहिले ते सांगावे. माणसे चुका काढतात, भर घालतात, कधी आपापसांत वाद घालतात. आपण उचललेला आकडा खरा होता का, हे मुलांना त्या वेळी कळते. त्यांनी घेतले त्याची थोडी परतफेडही होते. साठ एकसारखे अहवाल निघण्याचा प्रश्न या एका नियमाने सुटतो, कारण समोर ती संस्था बसली असताना उतरवलेले वाक्य वाचवत नाही.

शेवटी वेळापत्रक. कारखान्याचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते, फडाची भेट डिसेंबर-जानेवारीत ठेवावी. कांद्यासाठी लाल कांदा आणि उन्हाळ कांदा असे दोन हंगाम मिळतात, जमल्यास दोन्ही पाहावेत, म्हणजे चाळीत साठवण्याचा फरकही दिसेल. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. पंधरा ऑगस्टची सोयीची, कारण तोवर मुलांची घरपट्टीविषयीच्या प्रश्नांची तयारी झालेली असते. वर्षाची पहिली भेट जूनमध्ये करावी आणि ती शाळेच्याच नळाची करावी. पाणी विहिरीतून किंवा धरणातून टाकीत कसे येते, पंप कोण किती वाजता सुरू करतो, वीजबिल कोणत्या खात्यातून जाते, पाणीपट्टी किती घरांची थकली आहे, पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर कोण आणि किती टाकतो. गावात जलसुरक्षक असतो. त्याच्याकडे पाण्यातले क्लोरिन पाहण्याची ओटी टेस्टची बाटली असते. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, न आला तर क्लोरिन पोचलेले नाही. ही तपासणी मुलांनी टाकीजवळच्या नळावर, शाळेच्या नळावर आणि वस्तीच्या शेवटच्या नळावर त्याच्यासोबत करावी. तीन नळांचे रंग वेगळे आले तर त्याची तारीख-वार घालून नोंद करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत कोणत्या पानावर चढते, ते स्वतः जाऊन पाहावे.